दोहाच्या विमानतळावर भेटलेल्या लेकीस

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव मी वाचलं होतं, पण ते इथे लिहीत नाही. तुझ्या नोकरीला उगीच त्रास नको. मराठीतून लिहितेय ते मात्र जाणूनबुजून. तुला अर्थ थोडा कळेल, थोडा निसटेल, पण तुमच्या नेपाळीची नि आमच्या मराठीची लिपी एकच, म्हणून अक्षर न् अक्षर वाचता येईल. आणि त्या रात्री तुला आमची अक्षरं वाचता आली म्हणूनच तर आज हे इथे माझ्याशेजारी बसून चहा पीत आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोहून आमचं विमान चार तास उशिरा सुटलं. सोळा तास बसून दोहाला उतरलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि मुंबईचं विमान केव्हाच गेलं होतं. पुढचं पहाटे साडेसहाला. तू ह्यांची व्हीलचेअर ढकलत विमानतळातल्या त्या भल्यामोठ्या पिवळ्या टेडी अस्वलाच्या पुतळ्याजवळ आणलीस, आम्हाला बाकावर बसवलंस. तुझं काम तिथेच संपलं होतं. तू निघालीसही. दहा पावलांवर जाऊन मागे वळून पाहिलंस आणि परत आलीस. का वळलीस, हे मी अजून स्वतःला विचारते. मी शेजारी बसून होते तरी मला वाटत होतं, ७२ वर्षांचा माणूस, प्रवासाने दमलाय, डुलकी लागलीये. तू ह्यांच्या कपाळाला हात लावलास. घामाने चिंब होतं, त्या गार एसीत.

"आमा, दवाई का डिब्बा दिखाओ," म्हणालीस. आमा म्हणजे तुमच्यात आई. डब्यावर मी चिकटवलेला कागद तू बोट फिरवत मोठ्याने वाचलास: "इन्सुलिन, जेवणाआधी." मग माझ्याकडे पाहिलंस. "जेवण मतलब?"

"खाना."

"तो बुवा ने खाना कब खाया?" बुवा म्हणजे वडील, ह्यांच्याबद्दल विचारत होतीस.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. विमानात ह्यांनी सुई टोचून घेतली होती आणि मग मळमळतंय म्हणून ताट तसंच परत केलं होतं. मला झोप लागली होती. पिशवीतलं ग्लुकोमीटर काढलं, पण माझे हात इतके कापत होते की पट्टी तूच बसवलीस. साखर ५८. समोरच्या कॉफीच्या दुकानातून तू साखरेच्या पुड्या मूठभर आणल्यास, कोमट पाण्यात ढवळून घोट घोट पाजल्यास. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा ९६. मग तुझ्या स्वतःच्या डब्यातला भात ह्यांच्या पुढे ठेवलास. तो डबा तुझ्या रात्रपाळीचा होता, हे मला नंतर कळलं. लेकी, ते अन्न मी विसरायची नाही.

माझा मोबाइल बंद पडलेला. अमेरिकेतला चार्जर तिथल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये बसेना. तू तुझा चार्जर देऊन गेलीस, म्हणून जावयाला फोन लागला. आणि जाताना एका चिठ्ठीवर लिहिलंस: "५:१५ मा आउँछु", म्हणजे सव्वापाचला येते. तुमचा पाच आमच्या पाचापेक्षा जरा वेगळा वळतो, पण कळला. त्या चिठ्ठीकडे बघत मी ती रात्र काढली. पाच वाजून दहा मिनिटांनी तू समोर उभी होतीस, डोळे तांबारलेले. ह्यांना थेट गेटवर नेऊन सोडलंस. मी पैसे पुढे केले तर तू माझी मूठ मिटवून माझ्याच पदराखाली ढकललीस.

मुंबईत जावई गाडी घेऊन आले होते. खंबाटकी घाट चढताना दिवस मावळत होता. साताऱ्याला दार उघडलं तेव्हा अमेरिकेतल्या लेकीचं घर सोडल्याला जवळजवळ ४४ तास झाले होते. हे उंबऱ्यावर टेकले आणि पहिलं वाक्य बोलले, "त्या पोरीला कळवायचं कसं, आपण पोचलो म्हणून?"

तेवढ्यासाठीच हे पत्र. आम्ही पोचलो, बाळा. सुखरूप पोचलो. डॉक्टरांनी ह्यांना बजावलंय, ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. तुझी चिठ्ठी औषधाच्या डब्यात, त्याच कागदाशेजारी चिकटवली आहे.

तू नेपाळातल्या इलामकडची. चहाच्या मळ्यांचं सांगत होतीस. दोन वर्षं घरी गेली नव्हतीस. भावाला टिका मोबाइलवरूनच लावावा लागला म्हणालीस, तेव्हा आवाज जरा घोगरा झाला होता. आमच्याकडे त्याच दिवशी भाऊबीज असते. तुमच्या घरचं घड्याळ आमच्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, म्हणजे तुझ्या आईच्या घरी दिवा आमच्या थोडा आधी लागत असेल. यंदा तिहारला, म्हणजे तुमच्या दिवाळीला, सुट्टी मिळेल, असं म्हणाली होतीस. मिळाली का गं?

तुझी,
साताऱ्याची आमा