३३७ टन गेले, जमीन तिथेच आहे

मा. मंत्री महोदय,
भोपाळ वायुदुर्घटना मदत व पुनर्वसन विभाग,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सविनय नमस्कार.

१ जानेवारी २०२५ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातून बारा कंटेनर निघाले. पुढेमागे पोलिसांच्या गाड्या, वाटेतले रस्ते मोकळे. ३३७ टन विषारी कचरा इंदूरजवळच्या पीथमपूरला पोहोचला, तिथले लोक रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी चाचण्या झाल्या आणि जूनअखेर तो जाळून संपला. मग महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचे मला फोन: ‘सुटलात एकदाचे!’ त्यांना काय दोष द्यायचा? बातम्याच तशा होत्या.

त्या ‘एकदाचे’बद्दल हे पत्र आहे.

जळलं ते काय होतं? २००५ मध्ये आवारातून गोळा करून गोदामात ठेवलेला माल. सेविन (इथे बनणारं कीटकनाशक) आणि त्यासाठी लागणाऱ्या नॅफ्थॉलचे अवशेष, रिअ‍ॅक्टरमधला गाळ, आणि जवळजवळ निम्मी वरची माती. म्हणजे जे वर पडलं होतं आणि उचलता आलं, तेवढंच. जमिनीत मुरलेलं निराळं. नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संस्था एनजीआरआय यांनी २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज दिला तो ११ लाख टनांचा. भागून पाहा. सव्वातीन हजार टनांमागे आपण एक टन हलवला. शिवाय जाळताना चुना वगैरे घालावा लागतो, त्यामुळे राख मूळ कचऱ्याहून जास्त झाली आणि ती पीथमपूरकरांच्या गळ्यात पडली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हे सगळं ३ डिसेंबर १९८४ चंच. तसं नाही. वायू एका रात्री आला आणि माणसं मारून गेला. मातीचं दुखणं त्याच्या आधीचं आहे. कारखाना धडधाकट चालू होता तेव्हाच टाकाऊ माल आवारात पुरला जात होता आणि सांडपाणी उत्तरेकडच्या बाष्पीभवन तलावांत सोडलं जात होतं. हे तलाव १९७७ चे. तळाला प्लास्टिकचं अस्तर. ते गळतंय हे कंपनीच्या स्वतःच्या पत्रव्यवहारात १९८२ मध्येच नोंदलेलं आहे. त्या रात्री वायू सुटला नसता तरी आज हे पत्र लिहावं लागलंच असतं.

डायक्लोरोबेन्झिन, कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म ही रसायनं पाण्याहून जड. तेलासारखी वर तरंगत नाहीत, खाली खाली उतरतात आणि भूजलात हळूहळू विरघळत राहतात. म्हणून बोअरचं पाणी दिसायला नितळ. भिंतीलगतच्या वस्त्यांत हातपंप लाल रंगवून ‘पिऊ नका’ असं लिहिलं गेलं. पण नळाला पाणी नसेल तर बाईने घागर कुठे न्यायची? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वच्छ पाणी द्यायला सांगितलं. आधी चौदा वस्त्या, मग बावीस. लखनौच्या आयआयटीआर या विषशास्त्र संस्थेच्या तपासणीनंतर बेचाळीस. दूषित पाण्याचं पसरणं थांबलेलं नाही, हे त्या वाढत्या आकड्यावरूनच कळतं. यांतली कित्येक घरं वायुकांडानंतर उभी राहिली. त्यामुळे ती माणसं ना गॅसपीडितांच्या यादीत, ना आणखी कुठल्या.

नळ दिले, चांगलं केलं. पण नळ म्हणजे साफसफाई नव्हे.

आता जबाबदारी कोणाची? कंपनीने १९९८ मध्ये जमीन राज्य सरकारला परत केली. २००१ मध्ये युनियन कार्बाइड अमेरिकेच्या डाऊ केमिकलकडे गेली. केंद्राच्याच रसायन खात्याने २००५ मध्ये उच्च न्यायालयात डाऊकडून १०० कोटी रुपये अनामत मागितले होते. कचरा हलवायला-जाळायला मात्र १२६ कोटी केंद्राच्या तिजोरीतून आले, म्हणजे तुमच्या-माझ्या. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम काढले, त्यात प्रदूषण करणाऱ्याने खर्च भरावा असं स्पष्ट आहे. देशात भोपाळहून योग्य पहिली केस कोणती असेल? इथे ते लागू झाले नाहीत, तर उद्या महाड-लोट्याच्या रासायनिक कारखान्यांशेजारच्या लोकांनी कशाच्या भरवशावर बसायचं?

मला चार गोष्टी हव्यात. कारखाना आणि तलाव दोन्हींच्या मातीची व भूजलाची खोलीनिशी नव्याने तपासणी, आणि तिचे नकाशे हिंदीत वस्त्यांच्या चौकात लावलेले. खर्चाची नोटीस डाऊला. माती जागेवर उपचार करून सुधारणार की उकरून नेणार, हे ठरण्याआधी वस्तीतल्या लोकांशी बोलणं. पीथमपूरला विचारलं नाही, त्याचं काय झालं ते पाहिलंच. आणि तोवर तलावांच्या जागेला धड कुंपण, कारण तिथे आजही गुरं चरतात, पोरं खेळतात. कारखान्याच्या जागेवर स्मारक करायचं, ते नंतर बघू. ज्या जमिनीत अजून विष आहे तिच्यावर संगमरवर बसवला, तर पुढे ती खणायला कोणी परवानगी देणार नाही, ही माझी साधी भीती आहे.

भोपाळला पाऊस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. कुंपण त्याआधी होऊ शकतं. त्याला ना न्यायालय लागतं, ना डाऊ.

आपला,
एक भोपाळकर