डाव्या भकाळीवरची मूठ

वाळवा, जि. सांगली

प्रिय मित्रा,

नोकरी सोडून तू आटपाडीत प्रॅक्टिस सुरू करतोयस, फार बरं वाटलं. सोनोग्राफीचं मशीन कुठलं घेऊ, असं विचारलंस. घे, पण सावकाश. आधी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेला हात पुन्हा चालता कर.

गोठ्यात गेल्यागेल्या गाईला हात लावू नकोस. मागे उभा राहून पोट कुठल्या बाजूला वर आलंय, रवंथ चालू आहे का, शेण कसं पडलंय ते बघ. मग डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागात, मूठ दाबून धर. निरोगी गाईचं पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा मूठ बाहेर ढकलतं. दाबलेला खड्डा कणकेसारखा तसाच राहिला, तर चारा तुंबलाय. व्यायल्यावर महिन्याभरात गाईनं आंबोण, म्हणजे भिजवलेलं खाद्य, खायचं सोडलं, तर डावीकडच्या शेवटच्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवून शेजारीच टिचकी मार. रिकाम्या कळशीसारखं 'टण्ण' वाजलं, की चौथं पोट सरकून वर आलंय असं समज. उजवीकडं तसं वाजलं आणि गाय झपाट्यानं खालावत असेल, तर मात्र थांबू नकोस, त्या पोटाला पिळा पडलेला असू शकतो.

एक गाय मी गमावली, ते तुला सांगायलाच हवं. चौदा लिटरची संकरित गाय, एका दिवसात पाचावर आली. मी अपचन समजून पाचक पावडर आणि कॅल्शियम देत राहिलो. पाठीला पोक, कोपरं बाहेर फाकलेली, उठता-बसता कण्हणं, सगळं समोर होतं. चौथ्या दिवशी खांद्यामागची कातडी चिमटीत घट्ट धरली. निरोगी गाय पाठ खाली दबवते. हिनं पाठ ताठ धरली आणि कण्हली. तोवर मानेची शीर दोरखंडासारखी फुगली होती. शवविच्छेदनात बोटभर तार निघाली, जाळीपोटातून (गाईच्या दुसऱ्या पोटातून) छाती-पोटामधला पडदा भेदून हृदयाच्या आवरणात घुसलेली. कुट्टीतून गेली असणार. मालकीणबाई रिकाम्या दावणीपाशी बसून होत्या. पहिल्याच दिवशी चिमटा घेतला असता तर निदान पोटात चुंबक सोडता आला असता, कदाचित ऑपरेशनही.

तेव्हापासून वैरण सोडलेली प्रत्येक गाय मी चिमटा घेऊनच तपासतो, कितीही घाई असली तरी.

पुढच्या रविवारी ये. पहाटे धारेच्या वेळी आपण दोघं चार गोठे फिरू. शेजारच्या वस्तीवर एक गाय आहे, डावीकडं अगदी स्पष्ट वाजते. सोमवारी तिचं ऑपरेशन धरलंय, त्याआधी तुझ्या कानानं ऐक.

तुझाच,
जुना रूममेट