तुम्ही आधी लेखिका होतात म्हणून…

प्रिय ताई,

हे पत्र थेट तुमच्या घरी पाठवता आलं असतं. पण टीव्हीसाठी विनोद लिहिणारी पुष्कळ मुलं या मुंबईत आहेत. निर्माता कसा असू शकतो हे त्यांनाही कळावं, म्हणून उघडपणे लिहितोय.

एकांकिका स्पर्धांमधून मी तुमच्याकडे आलो. टाळ्या घेणारी वाक्यं मला सुचायची. तुम्ही प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून एकच विचारायचात, "हे दुसऱ्या कुणाच्या तोंडी चालेल का?" चालत असेल, तर ते वाक्य गेलं! मग तुम्ही माझ्याबरोबर बसून २००१ सालची 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका पाहिलीत आणि आजोबांची, म्हणजे आबांची वाक्यं नातवाच्या, शिऱ्याच्या तोंडी घालून वाचायला लावलीत. वाक्यं तीच, पण हसू येईना. विनोद माणसातून येतो, हे मला तिथे उमगलं. १९८४ ची 'ये जो है जिंदगी' दाखवलीत ती रचनेसाठी. घर तेच, घरातली माणसं तीच, आणि सतीश शाह दर वेळी नवाच माणूस होऊन हजर. हिंदी व्यंगलेखक शरद जोशींच्या त्या लेखनातून, मालिका लांबवायची तर काय हलवायचं आणि काय जागेवर ठेवायचं, हे तुम्ही उलगडून सांगितलंत. अशी शिकवणी कुठल्याही वर्गात मिळाली नसती.

पण माझं खरं ऋण वेगळं आहे. आपली मालिका टीआरपीअभावी अचानक बंद झाली, तेव्हा लिहून तयार असलेले भाग शूट होणारच नव्हते. आपल्या धंद्यात अशा भागांचे पैसे बहुतेकदा बुडतात. प्रसारित झालेल्या भागांचं मानधनसुद्धा तीन-तीन महिने रखडतं. तुम्ही मात्र आम्हा सगळ्या लेखकांना गोरेगावच्या ऑफिसात बोलावून न झालेल्या भागांचेही चेक दिलेत. "लिहून झालं म्हणजे काम झालं," एवढंच म्हणालात. त्या पैशांवर माझं डोंबिवलीचं भाडं भागलं आणि मी लेखनात टिकलो. ते चेक मिळाले नसते, तर मी नोकरी धरली असती, हे अगदी खरं सांगतो.

चॅनलच्या मीटिंगला लेखकाला सोबत न्यायचा तुमचा हट्ट, टायटल्समध्ये आमची नावं वाचता येतील इतका वेळ थांबवायची तुमची धडपड, स्क्रिप्ट आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवून ये म्हणून केलेला तगादा, हे सगळं लक्षात आहे. सेटवर कोपऱ्यात बसून, कलाकार मेकअपला असताना सीन लिहून देण्यात तुमची स्वतःची कित्येक वर्षं गेली होती. ते दिवस तुम्ही निर्मात्याच्या खुर्चीत बसूनही विसरला नाहीत.

ताई, मनापासून आभार. माझी पहिली निर्मिती आता सुरू होतेय. लेखकांच्या करारात न शूट झालेल्या भागांच्या मानधनाचं कलम घातलं आहे. मसुदा पाठवतो, एकदा नजरेखालून घाला.

तुमचा,
तुमच्या टीममधला एक लेखक