गाण्यावर बंदी घालणारा राजा

संपादक साहेब, रविवारी मुलींना घेऊन सत्यजित राय यांचा 'हीरक राजार देशे' बघितला, १९८०चा बंगाली पिक्चर, सबटायटल वाचून वाचून माझाच घसा बसला. त्यात चरणदास गायक राजासमोर खरं काय ते गाऊन टाकतो तर त्याचं तोंड बांधून जंगलात नेऊन टाकतात, शाळाही बंद! धाकटी लगेच, मग नाकातून गुणगुणायचं ना. सगळे यमकात बोलतात फक्त मास्तर नाही, हे मात्र थोरलीने पकडलं, मला आधी कळलंच नव्हतं. खजिन्यातल्या वाघासमोर पिक्चरचा नायक गुपी गातो तेव्हा तर दोघी सोफ्यावर चढल्या. तुमच्या बालपुरवणीत कोडी खूप झाली, एकदा अशा पिक्चरवर लिहा की.

एक वाचक, सातारा