शुल्कमाफी झाली, पदवीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या सुरू झाल्या की कटऑफ, रिक्त जागा आणि संगणक शाखेकडचा ओढा यांवर वृत्तपत्रांत भरपूर छापून येते. प्रवेश घेतलेल्यांपैकी बेताच्या परिस्थितीतील किती मुले चार वर्षांनी पदवी हातात घेऊन बाहेर पडतात, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. नवी मुंबईतील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिष्यवृत्ती विभागाचे कामकाज मी अनेक वर्षे सांभाळले असल्याने त्याविषयी लिहावेसे वाटले.

योजना नाहीत, ही तक्रार आता करता येणार नाही. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत लागू झाली आहे. अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आणि गुणवत्तेवर मिळणाऱ्या शुल्कमाफीच्या पाच टक्के अधिसंख्य (मंजूर संख्येच्या वरच्या) जागा निराळ्याच. नोंदणीकृत बांधकाम कामगाराच्या पाल्याला त्यांच्या कल्याणकारी मंडळाकडून अभियांत्रिकी पदवीसाठी वर्षाला ६० हजार रुपये मिळू शकतात, हे तर पुष्कळ कामगारांच्या गावीही नसते. अडचण आहे ती पैसे केव्हा येतात आणि कशासाठी येतात यात.

महाविद्यालयाची फी प्रवेशाच्या दिवशी लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र त्यानंतर राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा, तो आधी महाविद्यालयाने आणि मग संबंधित विभागाने तपासायचा, त्यानंतर हप्ता मंजूर व्हायचा. या साऱ्यात शैक्षणिक वर्ष सरत येते. ठाणे-नवी मुंबईतील बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालये खासगी विनाअनुदानित असून प्राध्यापकांचे पगारही फीमधूनच निघतात, त्यामुळे तीही थांबायला तयार नसतात. मग ‘अनामत’ या नावाखाली मोठी रक्कम आधी भरून घेतली जाते, नाहीतर पालकांकडून हमीपत्र आणि पुढच्या तारखेचा धनादेश घेतला जातो. बाजार समितीत पाठीवर गोणी वाहणारा माथाडी किंवा तुर्भे स्टोअर वस्तीतली घरकाम करणारी आई हे पैसे उभे करते ते पतपेढीतून किंवा दागिना गहाण ठेवून, आणि सरकारी रक्कम येईपर्यंत त्यावरचे व्याज चालूच राहते. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायचा असतो. तोवर घरात दुखणे निघालेले असले, तर तो पैसा कुठे जातो हे सांगायला नको.

खिडकीवर वर्षानुवर्षे दिसणारी एक गोष्ट सांगतो. मुलगी विचारत असते, “सर, मोबाइलवर रक्कम जमा झाल्याचं दिसतंय, मग पासबुकात का नाही?” शोध घेतल्यावर कळते, की तिचे आधार अजूनही शाळेत असताना काढलेल्या शून्य शिलकीच्या खात्याशी जोडलेले आहे, रक्कम तिकडे गेली आहे आणि वर्षानुवर्षे व्यवहार नसल्याने ते खाते निष्क्रिय झाले आहे. आई-वडिलांपैकी एकाने रोजगार बुडवून त्या जुन्या शाखेत जायचे, केवायसीचे कागद द्यायचे आणि इकडे परीक्षेचा अर्ज ‘थकबाकी’ म्हणून अडकलेला. अशी प्रकरणे आधीच हेरण्यासाठी प्रवेशाच्या दिवशी पाच मिनिटे काढली तरी पुरतात, परंतु ते काम कोणाचेच नसते.

शिवाय सवलत प्रामुख्याने शिक्षण शुल्काला मिळते. विकास शुल्क, ड्रॉइंगचे साहित्य, लॅपटॉप हा खर्च घरावरच पडतो. टिटवाळ्याहून किंवा आसनगावहून निघून ठाण्याला गाडी बदलून नेरूळ गाठणाऱ्या मुलाचा पास सवलतीचा असतो, पण दिवसाचे चार तास जातात त्याला सवलत नाही.

तथापि पैशापेक्षाही मला अधिक चिंता वाटते ती पहिल्या वर्षाची. शेवटच्या फेरीत प्रवेश मिळालेला मुलगा वर्गात येतो तेव्हा शिकवणे बरेच पुढे गेलेले असते. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला घोकून केलेले गणित, आणि समोर इंग्रजीतून वेगाने चाललेले गणित, मेकॅनिक्स आणि इंजिनिअरिंग ग्राफिक्स! बिघडते ते येथेच. दोन-तीन विषयांत केटी लागते, म्हणजे ते विषय राहतात; एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय मागे ठेवून पुढे जाण्याच्या मुभेवर, दुसरे वर्ष पार पडते, पण पहिल्या वर्षाचे सर्व विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, हा सर्वसाधारण नियम आडवा येतो आणि मुलगा घरी बसतो. त्या रिकाम्या वर्षात रबाळे एमआयडीसीतली नोकरी किंवा घरपोच सामान पोहोचवण्याचे काम मिळते, घराला त्या पगाराची सवय होते आणि मुलगा परत येत नाही. प्रवेश रद्द करण्याच्या अर्जात कारणाच्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहिलेले असते. गणित राहिले म्हणून शिक्षण सुटले, असे लिहिलेला अर्ज माझ्या पाहण्यात नाही.

यावर नव्या योजनेची गरज मला वाटत नाही. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी एक फिरता निधी उभारावा. शिष्यवृत्तीस पात्र ठरलेल्या आपल्या हद्दीतील विद्यार्थ्याची फी त्यातून प्रवेशाच्या वेळीच महाविद्यालयाला द्यावी आणि शासनाचा हप्ता आला की तो परत निधीत जमा करून घ्यावा. पैसा बुडत नाही, फक्त काही महिने आधी लागतो. ज्या महापालिका विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देतात, त्यांना हे जड जाऊ नये. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपन्यांनीही सामाजिक दायित्वाचा निधी फलकावर नाव येणाऱ्या कार्यक्रमांऐवजी थोडासा इकडे वळवावा.

पहिल्या वर्षासाठी ‘कमवा आणि शिका’ योजनेचा उपयोग करून घेता येईल. त्या योजनेतील मुलांना बहुधा ग्रंथालयात किंवा कार्यालयात किरकोळ कामे दिली जातात. त्याऐवजी तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या हुशार विद्यार्थ्यांनी संध्याकाळी महापालिकेच्या अभ्यासिकेत पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित आणि ग्राफिक्स मराठीतून समजावून सांगावे आणि त्याचे मानधन घ्यावे. उत्तर इंग्रजीत लिहायचे असले, तरी विषय आधी समजला पाहिजे. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या मुलांचीही तिथल्या गणितात अशीच गाळण उडते. त्यांनाही या वर्गात बसवावे.

प्रवेशाच्या मोसमात महाविद्यालयांच्या जाहिरातींत सर्वांत मोठ्या पगाराचा आकडा ठळक छापलेला असतो. त्याच्या शेजारी शिष्यवृत्तीवर प्रवेश घेतलेल्यांपैकी किती विद्यार्थी चार वर्षांत उत्तीर्ण झाले, हाही आकडा छापणे शासनाने बंधनकारक करावे. एनबीए (राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ) मानांकनासाठी ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाण महाविद्यालये सादर करतातच. शिष्यवृत्तीधारकांची यादीही त्यांच्याच कार्यालयात असते, त्यामुळे तेवढ्यांचे प्रमाण वेगळे काढणे हे कार्यालयाचे एका दिवसाचे काम आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त महाविद्यालयीन कर्मचारी,
ऐरोली, नवी मुंबई