मिल्टन ऑलिव्हच्या उद्यानात मतदार नोंदवा

प्रति,
मा. महापौर, शिकागो शहर

विषय : ऑलिव्ह उद्यानात दरवर्षी ऑक्टोबरमध्ये तरुणांची मतदार नोंदणी व्हावी.

महापौर महोदय,

मिल्टन ली ऑलिव्ह हा आपल्याच शहराचा मुलगा. 7 नोव्हेंबर 1946 रोजी जन्मला आणि 22 ऑक्टोबर 1965 रोजी व्हिएतनाममध्ये फू कुओंगजवळच्या जंगलात मारला गेला. एकोणिसावा वाढदिवस सोळा दिवसांवर आला होता. 503व्या इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमधला हा छत्रीधारी शिपाई. त्याची तुकडी शत्रूचा माग काढत असताना पाच जणांच्या मध्ये हातबाँब येऊन पडला. मिल्टनने तो उचलला आणि स्वतःच्या अंगाखाली घेतला. बाकीचे चौघे वाचले, त्यांत त्याच्या प्लाटूनचा अधिकारीही होता. व्हिएतनाम युद्धात ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय सैनिक. 21 एप्रिल 1966 रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ते पदक त्याच्या वडिलांच्या हाती दिलं.

एवढं बहुतेकांना सांगितलं जातं. माझं मागणं त्याच्या आधीच्या वर्षाबद्दल आहे.

मिल्टन जन्मला तेव्हाच त्याची आई गेली. तो शिकागोत नातेवाइकांच्या मायेत वाढला, काही काळ मिसिसिपीतल्या लेक्सिंग्टनला आजीआजोबांकडे. 1964च्या उन्हाळ्यात सतरा वर्षांचा हा मुलगा तिथे कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायच्या कामाला लागला. ते काम किती जोखमीचं होतं हे आज मुलांना उलगडून सांगावं लागतं. त्या वर्षी मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या शंभर कृष्णवर्णीयांत सात जणांचीही नोंदणी नव्हती. नोंदणीसाठी गेलेल्याला राज्यघटनेतलं कलम वाचून त्याचा अर्थ सांगावा लागे आणि तो बरोबर की चूक हे तिथला गोरा कारकून ठरवी. अर्जदारांची नावं वर्तमानपत्रात छापली जात, म्हणजे मालकाला, सावकाराला आणि रात्री घर जाळायला येणाऱ्यांना आपसूक पत्ता मिळे. त्याच जूनमध्ये याच कामातले चेनी, गुडमन आणि श्वर्नर हे तीन तरुण मारले गेले.

आजी धास्तावली. तिने वडिलांना कळवलं. वडिलांनी मुलासमोर पर्याय ठेवले : शाळेत परत जा, नोकरी धर, नाहीतर सैन्यात जा. मिल्टन सैन्यात गेला. वडिलांचं चुकलं असं मला मुळीच म्हणवत नाही. मीही आई आहे. मिसिसिपीपेक्षा सैन्यात पोर सुरक्षित राहील असं एका बापाला वाटावं, हा त्या काळावरचाच ठपका आहे.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. तेव्हा मतदानाचं वय 21 होतं. ज्या हक्कासाठी मिल्टन लोकांची दारं ठोठावत होता, तो त्याला स्वतःला नव्हता आणि पुढे कधी मिळालाही नाही. अठराव्या वर्षी मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती 1971 साली झाली. तोवर लेक्सिंग्टनच्या मातीत त्याला सहा वर्षं होत आली होती.

आम्हा मराठी माणसांचा इथे काय संबंध, असं कुणी विचारेल. 3 ऑक्टोबर 1965 रोजी याच जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि भारतीयांना हे दार नीट उघडलं. वांशिक कोटा मोडणारा तो कायदा नागरी हक्कांच्या लढ्याच्या रेट्यामुळेच आला. मिल्टन त्यानंतर एकोणीस दिवसांनी गेला. आम्ही शपथ घेऊन नागरिक झालो, मताचा अर्ज सहज भरला. त्या अर्जामागे कोण कोण उभं होतं ते आमच्या मुलांना कळायला हवं, म्हणून हे पत्र मी मराठीतही लिहिते आहे.

नेव्ही पिअरजवळ सरोवराच्या काठी त्याच्या नावाचं उद्यान आहे. पाच महासरोवरांची आठवण देणारी पाच गोल कारंजी आहेत, झाडांच्या रांगा आहेत. साउथ साइडला ऑलिव्ह-हार्वी कॉलेजही आहे. हा मान शहराने दिला, त्याबद्दल मनापासून आभार. आता दरवर्षी 22 ऑक्टोबरच्या आठवड्यात या उद्यानात मतदार नोंदणीची टेबलं लागू द्या. निवडणूक मंडळ स्वतंत्र आहे याची मला जाणीव आहे, पण त्यांना निमंत्रण देणं, जागा आणि बसगाड्या पुरवणं, सरकारी शाळांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना तिथे आणणं हे आपल्या शब्दाने होऊ शकतं. मुलं अर्ज भरण्याआधी एखाद्या शिक्षकाने त्यांना हातबाँबचा प्रसंग सांगावा आणि त्याहून जास्त वेळ लेक्सिंग्टनच्या त्या उन्हाळ्याला द्यावा.

येत्या ऑक्टोबरपासून सुरुवात होणार असेल, तर टेबलं मांडायला आणि मुलांसोबत थांबायला आमच्यातले अनेक पालक तयार आहेत. आपल्या कार्यालयाने कुणाशी बोलायचं एवढं कळवावं.

आपली नम्र,
शिकागोतील एक मराठी मतदार