ग्वाल्हेर मतदारसंघाचा इतिहास सांगताना त्याच्या हद्दीही सांगाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्वाल्हेर लोकसभा मतदारसंघावरचे टिपण आपल्या अंकात वाचले. सोबतच्या तक्त्यात १९५२ ते २०२४ पर्यंतच्या विजयी उमेदवारांची नावे एकाखाली एक दिली आहेत. तो तक्ता पाहून कोणाचाही असा समज व्हावा की, त्याच गावांतले आणि त्याच मोहल्ल्यांतले मतदार बहात्तर वर्षे आपला कौल बदलत आले. टिपणातील ‘गड राखला’, ‘गड ढासळला’ ही विधानेही याच समजावर उभी आहेत. वस्तुतः नाव तेवढे कायम राहिले. त्या नावाखालचा मुलूख अनेकदा बदलला.

१९५२ साली ग्वाल्हेर मध्यभारत राज्यात होते. हिंदू महासभेचे विष्णु घनश्याम देशपांडे त्या वेळी ग्वाल्हेर आणि गुणा या दोन्ही ठिकाणांहून निवडून आले. त्यांनी ग्वाल्हेरची जागा सोडली आणि पोटनिवडणुकीत डॉ. ना. भा. खरे विजयी झाले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन झाले आणि १९५७ची निवडणूक नव्या नकाशावर झाली. तेव्हा ग्वाल्हेर द्विसदस्यीय मतदारसंघ होता. सूरज प्रसाद आणि राधाचरण शर्मा असे दोन खासदार येथून गेले, त्यांतील एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती. आपल्या तक्त्यात त्या वर्षासमोर एकच नाव छापले आहे, ते दुरुस्त करावे. द्विसदस्यीय मतदारसंघ १९६१च्या कायद्याने रद्द झाले, त्यामुळे १९६२ साली विजयाराजे शिंदे निवडून आल्या तो मतदारसंघ पुन्हा वेगळा होता.

टिपणात अटलबिहारी वाजपेयींचा १९७१चा विजय आणि १९८४चा पराभव शेजारीशेजारी ठेवून ‘त्याच मतदारांनी’ त्यांना नाकारले, असे म्हटले आहे. या दोन निवडणुकांच्या मध्ये १९७१च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना (मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखणे) झाली आणि मध्य प्रदेशातील लोकसभेच्या जागा ३७ वरून ४० वर गेल्या. जागा वाढल्या म्हणजे जुन्या मतदारसंघांचे तुकडे काढून नवे सांधणे आलेच. वाजपेयी हद्दीमुळे हरले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट आणि गुणा सोडून ऐन वेळी ग्वाल्हेरात उतरलेले माधवराव शिंदे, ही कारणे पुरेशी आहेत. पण दोन नकाशांवरची मते वजा करून निष्कर्ष काढता येत नाहीत, एवढे तरी मान्य व्हावे.

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण शेजवलकरांचे. नारायण कृष्ण शेजवलकर १९७७ आणि १९८० साली येथून खासदार झाले, त्यांचे चिरंजीव विवेक शेजवलकर २०१९ साली. वडिलांचा मतदारसंघ सत्तरच्या दशकातील पुनर्रचनेतला, तर मुलाचा पुनर्रचना आयोगाच्या २००८च्या आदेशातला. घराणे तेच म्हणून ‘परंपरागत जागा’ असे सहज लिहिले जाते, पण दोघांच्या प्रचाराच्या गाड्या सगळ्याच त्या गावांतून फिरल्या नसणार.

२००८च्या आदेशाने काय झाले, हे तर आपल्या टिपणात अजिबातच नाही, आणि माझ्या मते तोच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. लष्कर पूर्व, लष्कर पश्चिम, मुरार आणि गिर्द हे विधानसभा मतदारसंघ तेव्हा संपले आणि ग्वाल्हेर पूर्व, ग्वाल्हेर दक्षिण, ग्वाल्हेर ग्रामीण आणि भितरवार ही नावे आली. (दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेल्या लष्करचे नाव अशा रीतीने मतदारसंघांच्या यादीतून गेले, याची आमच्या पिढीला थोडी चुटपुट आहे, पण तो वेगळा विषय.) डबरा अनुसूचित जातींसाठी राखीव झाले आणि तेथील आमदार नरोत्तम मिश्र यांना दतियाची वाट धरावी लागली. शिवपुरी जिल्ह्यातील करैरादेखील राखीव झाले.

आज ग्वाल्हेर लोकसभेत ग्वाल्हेर जिल्ह्यातले सहाही विधानसभा मतदारसंघ आहेत आणि त्यांच्या जोडीला शिवपुरी जिल्ह्यातले करैरा आणि पोहरी. पोहरीच्या मतदाराची स्थिती पाहावी. त्याचे जिल्हाधिकारी कार्यालय शिवपुरीत, त्याची जिल्हा पंचायत शिवपुरीत. पण शिवपुरी शहर मात्र गुणा लोकसभेत. तो कामासाठी शिवपुरीच्या बाजारात जातो तेव्हा त्याच्या कानावर गुण्याच्या उमेदवारांचे भोंगे पडतात, आणि घरी परतून मत द्यायचे ते ग्वाल्हेरच्या उमेदवाराला. त्याच्या अडचणी ग्वाल्हेर शहरातील लष्कर भागातल्या मतदाराच्या अडचणींसारख्या नाहीत आणि खासदाराला दोन्ही एकाच खिशात ठेवाव्या लागतात. लोकसंख्या सारखी वाटताना असे सांधे पडणारच, हे मान्य; मात्र ते कोठे पडले हे वाचकाला कळले पाहिजे.

१९५२ ते १९७७ या काळात पाच वेळा नकाशा मांडला गेला. त्यानंतर आजवर एकदाच. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली, ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे, म्हणजे त्यानंतर हद्दी पुन्हा आखल्या जाऊ शकतात आणि हा विषय आता केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. पुनर्रचना आयोगाचा अंतिम आदेश राजपत्रात आल्यावर न्यायालयात दाद मागणे फार कठीण असते. उज्जैनच्या एका मतदाराने आपल्या शहराचा मतदारसंघ राखीव केल्याविरुद्ध साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली होती, ती व्यर्थ गेली. आदेश उघडपणे मनमानी असेल तर न्यायालय तो तपासू शकते, असे त्याच न्यायालयाने २०२४ साली म्हटले आहे. पण त्या भरवशावर बसणे शहाणपणाचे नाही. सामान्य मतदाराला खरी संधी मिळते ती मसुदा प्रसिद्ध झाल्यानंतरच्या हरकती आणि जाहीर सुनावणीच्या वेळी.

म्हणून विनंती अशी की, यापुढे असे तक्ते देताना प्रत्येक पुनर्रचनेपाशी एक रेघ ओढून त्या वेळचे विधानसभा मतदारसंघ नोंदवावेत. आणि नव्या आयोगाचा मसुदा येईल तेव्हा ग्वाल्हेर, गुणा, भिंड आणि मुरैना या चारही मतदारसंघांतील प्रस्तावित बदल तहसीलवार मराठीत छापावेत आणि हरकती पाठवण्याचा पत्ता व शेवटची तारीख ठळक टाइपात द्यावी.

आपला,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर